रक्ताच्या कर्करोगावरील वैद्यकीय चाचण्या

रक्ताच्या कर्करोगावरील वैद्यकीय चाचण्या म्हणजे ल्युकेमिया (श्वेतपेशींचा कर्करोग), लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), मल्टिपल मायलोमा आणि त्यांच्याशी संबंधित विकारांवरील औषधे व उपचारपद्धती रुग्णांच्या संमतीने, आधी लिहून ठेवलेल्या आराखड्यानुसार पारखून पाहण्याची शास्त्रीय प्रक्रिया होय. नवे औषध सुरक्षित आहे काय, ते गुणकारी आहे काय आणि प्रचलित उपचारापेक्षा ते सरस आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे अशा चाचण्यांतून मिळतात. त्यांना चिकित्सालयीन चाचण्या किंवा क्लिनिकल ट्रायल असेही म्हणतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीव्र ल्युकेमिया झालेले मूल बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे. आज संपन्न देशांत मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांहून अधिक जगतात. हा बदल एखाद्या रामबाण औषधाने घडलेला नाही. एका चाचणीत एकच प्रश्न विचारायचा, त्याचे उत्तर मिळाले की पुढच्या चाचणीत पुढचा प्रश्न घ्यायचा, अशा क्रमाने तो अनेक दशकांत घडून आला आहे.

## पार्श्वभूमी

रक्तातील सर्व पेशी हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत तयार होतात. ल्युकेमियामध्ये अस्थिमज्जेतील अपक्व श्वेतपेशी अनिर्बंध वाढू लागतात आणि निरोगी पेशींची जागा व्यापतात. त्यामुळे रुग्णास रक्तक्षय, वारंवार होणारा जंतुसंसर्ग व रक्तस्राव अशा तक्रारी उद्भवतात. रोगाच्या गतीनुसार तीव्र व जुनाट, तर पेशींच्या कुळानुसार लिम्फोब्लास्टिक (किंवा लिम्फोसायटिक) व मायलॉइड असे त्याचे मुख्य प्रकार पडतात.

अवयवांत गाठ होणाऱ्या कर्करोगांच्या तुलनेत ल्युकेमियाचे एक वैशिष्ट्य असे, की उपचाराचा परिणाम रक्ताच्या किंवा अस्थिमज्जेच्या नमुन्यात वारंवार मोजता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली रोगपेशी मोजून औषध लागू पडले की नाही, हे काही आठवड्यांतच समजते. कर्करोगावरील औषधांच्या चाचण्यांचे शास्त्र प्रामुख्याने ल्युकेमियाच्या अभ्यासातून विकसित झाले, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

## इतिहास

### फॉलिक आम्ल आणि पहिला उपशम

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. १९२८ पासून ब्रिटिश वैद्यक संशोधक लूसी विल्स यांनी मुंबईतील गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका प्रकारच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. रक्तपेशींच्या निर्मितीस हे आम्ल आवश्यक असते.

बॉस्टनमधील बालरोग-विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक आम्लाशी संबंधित संयुगे दिली, तेव्हा रोग कमी होण्याऐवजी बळावल्यासारखे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी उलट विचार केला: फॉलिक आम्लाचे कार्य रोखणारे औषध दिल्यास रोगपेशींची वाढही रोखली जाईल. लेडर्ले प्रयोगशाळेत मूळचे आंध्र प्रदेशातील शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अशी फॉलिक आम्लविरोधी संयुगे तयार होत होती. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे संयुग फार्बर यांनी १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांमध्ये रोग तात्पुरता मागे हटला. हे निष्कर्ष जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगाची लक्षणे व रोगपेशी दिसेनाशा होण्याच्या या अवस्थेस उपशम म्हणतात. हा उपशम टिकाऊ नव्हता, तरी औषधाने ल्युकेमिया मागे हटू शकतो, हे त्यातून प्रथमच स्पष्ट झाले.

### तुलनात्मक चाचण्यांचा आरंभ

फार्बर यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याच वर्षी, म्हणजे १९४८ मध्ये, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी त्या चाचणीत कोणत्या रुग्णास औषध द्यायचे हे डॉक्टरांच्या निवडीवर न सोडता यदृच्छेने, बंद पाकिटांच्या साहाय्याने ठरवले होते.

हीच पद्धत एमिल फ्राय, जेम्स हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तीव्र ल्युकेमियासाठी वापरली. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ६५ रुग्ण होते. मर्कॅप्टोप्युरीन व मेथोट्रेक्सेट ही दोन औषधे दोन वेगवेगळ्या वेळापत्रकांनुसार देऊन परिणामांची तुलना करण्यात आली. कर्करोगाच्या औषधोपचारातील यादृच्छिक विभागणीच्या आद्य चाचण्यांत तिची गणना होते. तिचे महत्त्व निष्कर्षापेक्षा पद्धतीत अधिक आहे: अनेक रुग्णालयांनी एकच आराखडा पाळून आपापल्या रुग्णांची माहिती एकत्र करायची, हा पायंडा तिने पाडला.

### मर्कॅप्टोप्युरीन व प्लासिबो

१९६३ मध्ये एमिल फ्रायराइक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली चाचणी संख्याशास्त्राच्या इतिहासातही महत्त्वाची ठरली. स्टेरॉइडमुळे उपशम मिळालेल्या रुग्णांना पुढेही औषध देत राहावे काय, हा तिचा प्रश्न होता. तोवर उपशमाच्या काळात औषध देण्याची उपयुक्तता सिद्ध झालेली नव्हती. रुग्णांच्या जोड्या करण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एकास मर्कॅप्टोप्युरीन आणि दुसऱ्यास प्लासिबो, म्हणजे औषधासारखीच दिसणारी पण औषधी गुण नसलेली गोळी, देण्यात आली. प्लासिबो घेणाऱ्या मुलाचा रोग उलटताच त्याला मर्कॅप्टोप्युरीन देण्याची तरतूद होती.

चाचणी संपण्याची वाट न पाहता प्रत्येक जोडीचा निकाल लागेल तसतसा तो नोंदवला जात होता. २१ जोड्यांपैकी १८ जोड्यांत मर्कॅप्टोप्युरीन घेणाऱ्याचा उपशम अधिक काळ टिकला, तर केवळ ३ जोड्यांत प्लासिबो घेणाऱ्याचा. उत्तर स्पष्ट होताच चाचणी थांबवण्यात आली. त्यामुळे आवश्यकतेहून अधिक मुलांना प्लासिबो दिला गेला नाही. या ४२ रुग्णांची आकडेवारी डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मधील आपल्या विख्यात शोधनिबंधात उदाहरणादाखल वापरली. संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही आढळते.

मर्कॅप्टोप्युरीन विकसित करणाऱ्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले.

### अनेक औषधांची एकत्रित योजना

एकच औषध दिल्यास रोगपेशी त्याला दाद देईनाशा होतात, असा अनुभव येत होता. म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी फ्राय व फ्रायराइक यांनी चार औषधे एकत्र देण्याचा प्रयोग केला. त्यांतील व्हिंक्रिस्टीन हे औषध महाराष्ट्रात घरोघरी आढळणाऱ्या सदाफुली या वनस्पतीपासून मिळते. मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन व प्रेडनिसोन ही उरलेली तीन औषधे होत.

औषधांनी अस्थिमज्जा स्वच्छ झाली, तरी मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात रोगपेशी दडून राहत आणि तेथून रोग उलटत असे. मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी यावर क्रमाने अभ्यास केले. १९६७-६८ मधील पाचव्या अभ्यासात मेंदूकडे लक्ष देणारा स्वतंत्र उपचार जोडल्यावर सुमारे निम्मी मुले दीर्घकाळ रोगमुक्त राहिली. त्यानंतर हा रोग असाध्य मानण्याचे कारण उरले नाही.

## चाचणीचे टप्पे

प्रयोगशाळेत व प्राण्यांवर अभ्यास झाल्यानंतर मानवी चाचण्या साधारणतः चार टप्प्यांत होतात.

पहिला टप्पा: औषधाची सुरक्षित मात्रा ठरवणे हा याचा मुख्य हेतू असतो. सामान्य औषधांच्या पहिल्या टप्प्यात निरोगी स्वयंसेवक घेतले जातात. कर्करोगाची औषधे बहुधा विषारी असल्याने येथे रुग्णच सहभागी होतात आणि तेही बहुतांशी प्रचलित उपचार निष्फळ ठरलेले. एक रूढ पद्धत अशी: प्रथम तीन रुग्णांना कमी मात्रा देतात. एकासही गंभीर त्रास न झाल्यास पुढील तिघांना वाढीव मात्रा देतात. तिघांपैकी एकास त्रास झाल्यास त्याच मात्रेवर आणखी तीन रुग्ण घेतात. दोघांना किंवा अधिकांना त्रास झाल्यास मात्रा वाढवणे थांबवतात.

दुसरा टप्पा: ठरलेल्या मात्रेने रोग कितपत मागे हटतो, हे काही डझन ते शे-दोनशे रुग्णांत पाहिले जाते. आरंभीच्या रुग्णांत पुरेसा गुण दिसला नाही, तर चाचणी तेथेच थांबवण्याची तरतूद अनेक आराखड्यांत असते.

तिसरा टप्पा: नव्या उपचाराची प्रचलित उपचाराशी थेट तुलना केली जाते. यात शेकडो, क्वचित हजारो रुग्ण अनेक रुग्णालयांतून व देशांतून घेतले जातात.

चौथा टप्पा: औषध बाजारात आल्यानंतर त्याचे विरळा व दीर्घकालीन दुष्परिणाम नोंदवले जातात.

## रचना आणि मोजमाप

### यादृच्छिक विभागणी

डॉक्टरांनी स्वतः निवड केल्यास तुलनेने सशक्त रुग्णांना नवे औषध आणि अशक्तांना जुने, असे नकळत घडू शकते. तसे झाल्यास दिसणारा फरक औषधाचा की रुग्णांच्या प्रकृतीचा, हे सांगता येत नाही. चिठ्ठ्या टाकून ठरवावे, त्याप्रमाणे विभागणी यदृच्छेने केल्यास वय, रोगाची तीव्रता यांसारखे ज्ञात आणि अद्याप अज्ञात असलेले घटकही दोन्ही गटांत साधारण समप्रमाणात विखुरतात. आज हे काम संगणकाद्वारे होते.

कर्करोगाच्या बहुतेक चाचण्यांत तुलनेच्या गटास केवळ प्लासिबो दिला जात नाही. त्या वेळचा सर्वोत्तम प्रचलित उपचार दिला जातो. प्लासिबो वापरलाच, तर तो बहुधा प्रचलित उपचाराच्या जोडीने वापरतात. चाचणीत सहभागी झाल्यास उपचाराविनाच राहावे लागेल, ही भीती म्हणून सामान्यतः निराधार असते.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या बाबतीत चिठ्ठीने निर्णय घेणे अवघड असते. तेथे काही अभ्यासांत निसर्गाने केलेल्या विभागणीचा उपयोग केला गेला. सख्ख्या भावाची किंवा बहिणीची ऊती रुग्णाशी पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते आणि ती जुळणे हा निव्वळ आनुवंशिक योग असतो. त्यामुळे जुळता दाता असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांची तुलना यादृच्छिक विभागणीच्या जवळ जाणारी ठरते.

### रुग्णसंख्या

किती रुग्ण लागतील, हे किती फरक शोधायचा आहे यावर अवलंबून असते. रूढ संख्याशास्त्रीय निकषांनुसार बरे होण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले काय, हे पाहण्यास दोन्ही गट मिळून सुमारे ८० रुग्ण पुरतात. हेच प्रमाण ६० वरून ६५ टक्क्यांवर गेले काय, हे पाहण्यास मात्र सुमारे ३,००० रुग्ण लागतात. उपचार जसजसे सुधारत जातात, तसतसा पुढील सुधारणेचा वाटा लहान होतो आणि चाचण्या मोठ्या होत जातात. विरळा आढळणाऱ्या रोगांसाठी अनेक देशांनी एकत्र येणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

### परिणामांचे निकष

तीव्र ल्युकेमियात अस्थिमज्जेतील अपक्व पेशींचे प्रमाण ५ टक्क्यांहून खाली येणे व रक्तपेशींची संख्या पूर्ववत होणे, यास पूर्ण उपशम म्हणतात. याखेरीज रोग न उलटता व्यतीत झालेला काळ आणि एकूण जगण्याचा काळ हे निकष वापरले जातात. आधुनिक तंत्रांनी दहा हजार पेशींत एक रोगपेशी उरली असली, तरी ती ओळखता येते. तिला अवशिष्ट सूक्ष्मरोग म्हणता येईल. उपचाराच्या आरंभीच हा अवशेष मोजल्यास रोग उलटण्याचा धोका कोणास अधिक आहे, याचा अंदाज येतो.

चाचणी चालू असताना गोळा होणारी माहिती तपासण्यासाठी एक स्वतंत्र समिती नेमली जाते. एका गटास स्पष्ट हानी किंवा स्पष्ट लाभ होत असल्याचे दिसल्यास ती चाचणी थांबवण्याची शिफारस करू शकते.

## उल्लेखनीय चाचण्या

### इमॅटिनिब

जुनाट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत १९६० मध्ये एक आखूड गुणसूत्र आढळले. त्यास फिलाडेल्फिया गुणसूत्र हे नाव पडले. ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते तयार होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या अदलाबदलीतून निर्माण होणाऱ्या सदोष प्रथिनास रोखणारे इमॅटिनिब हे औषध ब्रायन ड्रुकर व सहकाऱ्यांनी १९९८ पासून रुग्णांवर पारखले. पहिल्या टप्प्यात ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेणाऱ्या, इंटरफेरॉन निष्फळ ठरलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींची संख्या पूर्ववत झाली.

त्यानंतरच्या तिसऱ्या टप्प्यात १,१०६ रुग्णांचे दोन समान गट करून इमॅटिनिबची तुलना इंटरफेरॉन व सायटॅराबीन यांच्या जोडीशी करण्यात आली. १८ महिन्यांनंतर फिलाडेल्फिया गुणसूत्र पूर्णपणे दिसेनासे होण्याचे प्रमाण इमॅटिनिब गटात ७६ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे १५ टक्के होते. गुण न आल्यास दुसऱ्या गटातील रुग्णांस इमॅटिनिब घेण्याची मुभा होती आणि बहुसंख्य रुग्णांनी तिचा लाभ घेतला. यामुळे दोन गटांच्या आयुर्मानाची थेट तुलना अवघड झाली. रुग्णाचे हित आणि निष्कर्षाची स्पष्टता यांत निवड करण्याची वेळ आल्यास रुग्णाच्या हितास अग्रक्रम द्यावा लागतो, याचे हे उदाहरण आहे. इमॅटिनिब गटातील सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते.

### रेटिनॉइक आम्ल व आर्सेनिक

तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात रक्तस्रावामुळे लवकर मृत्यू येण्याचा धोका मोठा असतो. शांघायमध्ये वांग झेन्यी व सहकाऱ्यांनी रोगपेशी मारण्याऐवजी त्यांना परिपक्व होण्यास भाग पाडणारे, जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातील रेटिनॉइक आम्ल वापरले. १९८८ मधील त्यांच्या अहवालात २४ पैकी २३ रुग्णांना केवळ या औषधाने पूर्ण उपशम मिळाला. चीनमधील हार्बिन येथे आर्सेनिक ट्रायऑक्साइडही याच रोगावर गुणकारी आढळले. सोमल या नावाने परिचित असलेले विष ते हेच.

पुढे इटली व जर्मनीतील संशोधकांनी १६२ रुग्णांच्या चाचणीत या दोन औषधांच्या जोडीची तुलना रेटिनॉइक आम्ल व रसायनोपचार यांच्या जोडीशी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर रोग न उलटता वा अन्य अघटित न घडता जगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ९७ व ८६ टक्के होते. अतिधोक्याच्या गटात नसलेल्या रुग्णांना पारंपरिक रसायनोपचाराविना बरे करता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

### जेम्टुझुमॅब

या औषधाची कथा तिसऱ्या टप्प्याचे महत्त्व विशेष स्पष्ट करते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रोगपेशींना चिकटून त्यांच्यात विष सोडणारे हे प्रतिद्रव्य आहे. तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासांच्या आधारे २००० मध्ये अमेरिकेत त्यास सशर्त मान्यता मिळाली. नंतरच्या तुलनात्मक चाचणीत त्याचा लाभ आढळला नाही. उलट सुरुवातीच्या मृत्यूंचे प्रमाण अधिक दिसले. म्हणून २०१० मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले.

मात्र संशोधन तेथे थांबले नाही. फ्रान्समध्ये कमी मात्रा विभागून देण्याची चाचणी झाली. शिवाय पाच यादृच्छिक चाचण्यांतील ३,३२५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली असता काही विशिष्ट गुणसूत्रीय प्रकारांच्या रुग्णांत औषधाचा लाभ स्पष्ट दिसला. २०१७ मध्ये कमी मात्रेत त्यास पुन्हा मान्यता मिळाली. पहिली आशा आणि नंतरची निराशा, दोन्ही अपुऱ्या माहितीवर आधारलेल्या होत्या.

### लिम्फोमा व मायलोमा

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत ६० ते ८० वर्षे वयाच्या, एका आक्रमक प्रकारच्या लिम्फोमाच्या ३९९ रुग्णांत प्रचलित रसायनोपचारास रिटुक्सिमॅब या प्रतिद्रव्याची जोड देण्यात आली. पूर्ण उपशमाचे प्रमाण ६३ वरून ७६ टक्क्यांवर गेले. मायलोमात, गर्भातील व्यंगांमुळे कुप्रसिद्ध झालेले थॅलिडोमाइड पुन्हा उपयोगी ठरले: १९९९ मधील अभ्यासात इतर उपायांना दाद न देणाऱ्या ८४ रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांत त्याचा गुण दिसला.

### कार-टी पेशी उपचार

या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून घेऊन त्यांत जनुकीय बदल करतात, जेणेकरून त्या रोगपेशी ओळखून नष्ट करतील. रोग उलटलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या ७५ मुलांवरील व तरुणांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत तीन महिन्यांच्या आत ८१ टक्के रुग्णांना उपशम मिळाला. या उपचारास अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. शरीरात दाहकारक द्रव्यांचा पूर येऊन तीव्र ताप व रक्तदाब घटणे हा त्याचा गंभीर दुष्परिणाम आहे.

## उपचार कमी करण्याच्या चाचण्या

चाचणी म्हणजे नेहमी काहीतरी नवे किंवा अधिक देणे, असे नव्हे. बरी झालेली मुले पुढे दीर्घायुषी होत असल्याने उपचाराचे दूरगामी दुष्परिणाम महत्त्वाचे ठरतात. मेंदूवरील किरणोत्सर्गामुळे शिकण्याच्या क्षमतेवर व वाढीवर परिणाम होऊ शकतो. सेंट ज्यूड रुग्णालयाच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४९८ मुलांवर प्रतिबंधात्मक किरणोपचाराविना यशस्वी उपचार करण्यात आले. एके काळी जीवनदायी ठरलेला उपचारच अशा रीतीने बहुतेक मुलांसाठी अनावश्यक ठरला.

ब्रिटनमधील एका चाचणीत अवशिष्ट रोग अत्यल्प असलेल्या ५२१ रुग्णांना उशिराचा तीव्र उपचार एकदा किंवा दोनदा देऊन तुलना केली गेली. दुसऱ्या फेरीने रोग आटोक्यात राहण्यात भर पडत नाही, असे आढळले. फ्रान्समध्ये इमॅटिनिब दीर्घकाळ घेऊन रोगाचा मागमूसही न उरलेल्या रुग्णांत औषध थांबवून पाहिले गेले. वर्षभरानंतर सुमारे ४० टक्के रुग्ण औषधाविना उपशमात राहिले.

## भारतातील चाचण्या

१९८० च्या दशकात मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियासाठी ‘एमसीपी ८४१’ हा समान आराखडा स्वीकारला. टाटा मेमोरियलमध्ये सुरेश अडवाणी यांचा त्यात पुढाकार होता. पाश्चात्य आराखडा जसाच्या तसा आणल्यास जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढण्याचा धोका असतो. कुपोषण, उशिरा होणारे निदान व रक्तघटकांची उपलब्धता यांचा विचार करावा लागतो, हा धडा या दीर्घ अनुभवातून मिळाला.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाच्या नव्या रुग्णांना केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइड देऊन अभ्यास करण्यात आला. खर्चिक रसायनोपचार न परवडणाऱ्या रुग्णांसाठी हा पर्याय होता. त्याचे टिकाऊ परिणाम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांची जगभर दखल घेतली गेली. मुलांमधील लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियासाठी ‘आयसिकल’ या नावाने अनेक भारतीय रुग्णालयांची संयुक्त यादृच्छिक चाचणीही हाती घेण्यात आली. उपचाराची विषाक्तता कमी करणे हा तिचा एक हेतू आहे.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने व टाटा मेमोरियल केंद्राने विकसित केलेला ‘नेक्सकार-१९’ हा कार-टी उपचार २०२१ मध्ये भारतात प्रथम रुग्णावर वापरला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने त्यास मान्यता दिली. ६४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले; मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांत त्याचा गुण दिसला. परदेशी उपचारांच्या तुलनेत त्याचा खर्च पुष्कळ कमी आहे.

यशस्वी चाचणीनंतरही औषध रुग्णापर्यंत पोहोचेलच असे नाही. इमॅटिनिबच्या विशिष्ट स्फटिकरूपावरील एकस्वाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त औषधे उपलब्ध राहण्याचा मार्ग मोकळा झाला.

## नैतिक व कायदेशीर तरतुदी

१९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता व १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा हे मानवी संशोधनाच्या नीतिनियमांचे पाया मानले जातात. सहभाग स्वेच्छेचा असावा आणि रुग्णास केव्हाही, कारण न देता, माघार घेता यावी, ही मूलभूत तत्त्वे होत. माघार घेतल्याने त्याच्या नेहमीच्या उपचारात उणीव राहता कामा नये.

भारतात वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून चाचणीची नोंद करणे बंधनकारक झाले. निष्कर्ष प्रतिकूल आल्यास चाचणी दडपली जाऊ नये, हा पूर्वनोंदणीचा हेतू आहे. ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’ अन्वये नीतिमत्ता समितीची मान्यता, लेखी संमती, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई या बाबी अनिवार्य आहेत. माहितीपत्रक रुग्णास समजणाऱ्या भाषेत असणे आवश्यक असते. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. त्याखेरीज समजत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही घेतला जातो.

खऱ्या अर्थाने समजून दिलेली संमती मिळणे सोपे नाही. निदानाच्या धक्क्यात असलेल्या कुटुंबास थोड्या दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. डॉक्टरांबद्दलच्या आदरापोटी प्रश्न न विचारण्याकडे कल असतो. पहिल्या टप्प्याची चाचणी मुख्यतः मात्रा ठरवण्यासाठी असूनही रुग्ण ती खात्रीचा उपचार समजतात. दोन उपचारांपैकी सरस कोणता, याविषयी तज्ज्ञांमध्ये प्रामाणिक अनिश्चितता असेल तेव्हाच चिठ्ठीने विभागणी करणे नैतिक ठरते, हे तत्त्व म्हणून सर्वत्र मान्य झाले आहे.

## मर्यादा

चाचण्यांत वृद्ध किंवा अन्य व्याधी असलेले रुग्ण अनेकदा वगळले जातात. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया तर प्रामुख्याने उतारवयात होतो. त्यामुळे चाचणीतील निष्कर्ष प्रत्यक्षातील सर्व रुग्णांना लागू पडतातच असे नाही. औषध कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या चाचण्यांत जुन्या व स्वस्त औषधांविषयीचे प्रश्न मागे पडतात. भारतात पैसे, प्रवास व रोजगार यांच्या अडचणींमुळे काही कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडतात. अशा रुग्णांना हिशेबातून वगळल्यास निष्कर्ष वास्तवापेक्षा उजळ दिसतात. म्हणून उपचार पूर्ण केलेला असो वा नसो, ज्या गटात रुग्णाची नोंद झाली त्याच गटात त्याची गणना करणे हा नियम पाळला जातो.

## हे सुद्धा पहा

* ल्युकेमिया
* लिम्फोमा
* अस्थिमज्जा प्रत्यारोपण
* येल्लाप्रगडा सुब्बाराव
* टाटा मेमोरियल रुग्णालय
* सदाफुली